पाठोपाठची भावंडं आणि बरोबरीची ईदी

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. मधल्या सुट्टीत शिक्षक खोलीत डबे उघडले होते. आमच्या शाळेतल्या एक तरुण शिक्षिका माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्या नवापूर तालुक्यातल्या ख्रिस्ती आदिवासी कुटुंबातल्या. घरात दोन लेकरं, मोठा सहा वर्षांचा, धाकटी पाच वर्षांची. त्या म्हणाल्या, "मॅडम, नाताळ आलाय. हातात पाचशे रुपये आहेत. दोघांना असं काय घेऊ की ती भांडणार नाहीत?"

मी हसले. हा प्रश्न त्यांनी मला का विचारला, ते उघड होतं. माझ्या दोन मुलांमध्ये चौदा महिन्यांचंच अंतर आहे, आणि पाठोपाठच्या मुलांच्या माझ्या तक्रारी शिक्षक खोलीत सगळ्यांना तोंडपाठ आहेत. सण त्यांचा नाताळ, आपली ईद, पण आईच्या पुढची अडचण एकच आहे. खिसा लहान, लेकरं दोन, आणि दोघांचे डोळे एकमेकांच्या हातांकडे.

2000 सालचा डिसेंबर मला आठवतो. त्या वर्षी नाताळ आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आले होते. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने आपले सण मागे मागे सरकतात, आणि 2033 च्या सुमारास ईद पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस येईल. त्या आठवड्यात बाजारातल्या एकाच दुकानासमोर दोन्ही धर्मांच्या आया उभ्या होत्या आणि सगळ्या हाच हिशोब करत होत्या. म्हणून त्या बाईंना जे सांगितलं, तेच आज वाचक भगिनींना सांगते. सुरुवात मात्र माझ्या स्वतःच्या चुकीपासून करावी लागेल.

त्या ईदची सायकल

मुलगी तेव्हा सात वर्षांची होती, मुलगा पावणेसहाचा. रमजानच्या शेवटच्या दिवसांत मुलांचे अब्बा मुलासाठी एक छोटी निळी सायकल घेऊन आले. मुलीसाठी आम्ही जरीचा फ्रॉक, बांगड्या आणि नव्या चपला घेतल्या होत्या. आम्ही दोघांनी रात्री बसून बेरीज केली. सायकल अठराशेची, मुलीचं सामान पंधराशेच्या घरात. फार फरक नाही, असं म्हणून आम्ही निर्धास्त झोपलो.

ईदच्या दिवशी मुलीने काही तक्रार केली नाही. दुपारभर ती भावाची सायकल मागून ढकलत होती. पाहुणे म्हणाले, किती समजूतदार पोर आहे! मलाही अभिमान वाटला. रात्री तिच्या हातातल्या बांगड्या काढत होते, तेव्हा तिने हळूच विचारलं, "अम्मी, माझ्याकडून काय चुकलं होतं?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग उलगडा झाला. कपडे तर भावालाही मिळाले होते. त्यामुळे तिच्या हिशोबात कपडे ही ईदी नव्हतीच. ते सगळ्यांनाच मिळतात. त्याला कपडे आणि सायकल, तिला नुसते कपडे. म्हणजे तिचं काहीतरी चुकलेलं असणार, ही तिची सरळ वजाबाकी. आम्ही रुपये मोजले होते. ती प्रेम मोजत होती.

दुसऱ्या दिवशी मुलांच्या अब्बांनी तिला जवळ बसवून सांगितलं की चूक तिची नाही, आमची आहे. सायकल दोघांची ठरली. एक दिवस तिचा, एक दिवस त्याचा. कॅलेंडरवर आम्ही खुणा केल्या. खरं सांगायचं तर याने सगळं सुरळीत झालं नाही. मुलगा पुढे दोन वर्षं "माझी सायकल"च म्हणत राहिला, आणि त्याच्या बाजूनेही त्याचं खरं होतं. दिलेली वस्तू आम्ही अर्धी काढून घेतली होती.

ज्या भेटीला साक्षीदार मिळाला नाही

त्या काळात मी बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस संग्रहांत आलेला एक प्रसंग पुन्हा वाचला. लहानपणी मदरशात ऐकला होता, पण आई झाल्यावर त्याचा अर्थ निराळा लागला.

हजरत बशीर बिन सअद (रजि.) यांनी आपला मुलगा नोमान याला एक भेट दिली. नोमानची आई, हजरत अमरा बिन्ते रवाहा (रजि.), म्हणाल्या की पैगंबर मुहम्मद (स.) या भेटीचे साक्षीदार होईपर्यंत मला समाधान नाही. बशीर (रजि.) गेले. पैगंबरांनी (स.) एकच गोष्ट विचारली, बाकीच्या सगळ्या मुलांनाही असंच दिलं आहे का? उत्तर आलं, नाही. तेव्हा पैगंबरांनी (स.) अल्लाहचं भय बाळगायला आणि मुलांमध्ये न्याय करायला सांगितलं. बशीर (रजि.) यांनी ती भेट परत घेतली.

या प्रसंगात वडिलांचा हेतू वाईट होता, असं कुठे म्हटलेलं नाही. एका मुलाला प्रेमाने काही दिलं, एवढंच. तरीही प्रश्न विचारला गेला तो "बाकीच्यांचं काय?" हाच. आणि मुलगा-मुलगी यांचं काय, तर हयातीत दिलेल्या भेटवस्तूत दोघांना सारखंच द्यावं, असं बहुसंख्य उलेमांचं मत आहे. वारशाचे हिस्से वेगळे आहेत, ईदी वेगळी. पुष्कळ घरांत ही गल्लत होते. मुलाला शंभर, मुलीला पन्नास अशी ईदी देऊन वर तिला धर्माचा आधार दिला जातो. तसा आधार नाही.

गरज वेगळी असेल तर खर्च वेगळा होणारच. एकाला चष्मा लागला, दुसऱ्याला नाही, तर दोघांना चष्मे घ्यायचे नसतात. पण ती गरज आहे, भेट नाही. मुलांना हा फरक तोंडाने समजावून सांगितला तर ती समजून घेतात. न सांगता सोडला, तर ती स्वतःचा हिशोब लावतात, माझ्या मुलीने लावला तसा.

लहान मूल मोजतं कसं?

बी.एड.ला असताना स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग शिकले होते. परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं. उपयोग मात्र घरात झाला. हा प्रयोग कोणतीही आई करून पाहू शकते. चार-पाच वर्षांच्या मुलासमोर चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडा, दोन्हींत सहा-सहा. मूल म्हणेल, सारखे आहेत. आता त्याच्या देखत एका ओळीतले चिंचोके लांब लांब पसरा. बहुतेक मुलं म्हणतील, या ओळीत जास्त आहेत. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलांचं असंच चालतं. जे लांब, मोठं, पसरलेलं दिसतं, ते जास्त.

आता हाच प्रयोग ईदच्या सकाळी आपण नकळत करतो. एकाला तीनशे रुपयांची एक लहान गाडी, दुसऱ्याला दीडशेची मोठी बाहुली आणि दीडशेचा खेळभांड्यांचा डबा. आपल्या लेखी बरोबरी झाली. पाच वर्षांच्या मुलाच्या लेखी बहिणीला दोन, आपल्याला एक, आणि तेही छोटं. त्याला किंमत कळत नाही, ती समजावूनही उपयोग नाही. म्हणून सात वर्षांच्या आतल्या मुलांसाठी नियम सोपा आहे: पुड्यांची संख्या सारखी, आकार साधारण सारखा, आणि दोघांच्या हातात एकाच वेळी.

दुसरी गोष्ट खेळण्याची. 1932 मध्ये मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकी संशोधक बाईंनी लहान मुलं कशी खेळतात याच्या पायऱ्या मांडल्या. दोन-तीन वर्षांची मुलं शेजारी शेजारी बसून आपापलं खेळतात. मिळून, नियमाने, वाटून घेऊन खेळणं पुढे हळूहळू येतं. मग तीन आणि दोन वर्षांच्या लेकरांत एकच चेंडू टाकून "मिळून खेळा" म्हणणं म्हणजे त्यांना न येणारं गणित सोडवायला देणं. त्या वयात दोन चेंडू घ्यावेत, त्याच आकाराचे, त्याच रंगाचे. शेजारीण म्हणेल, एकसारखे दोन कशाला? तुम्ही घ्या.

पाचशे रुपयांत काय काय येतं?

दुकानागणिक भाव बदलतात, म्हणून आकडे अंदाजाचे धरा. त्या शिक्षिकेबरोबर बसून आम्ही कागदावर जी यादी केली, ती अशी:

दोन चुंबक, साठ रुपये. दोन रंगपेट्या, ऐंशी. दोन चित्रकलेच्या वह्या, साठ. साप-शिडी आणि लुडोचा एक पट, ऐंशी. गोष्टीची दोन पातळ पुस्तकं, एकशे वीस. मातीचे दोन गल्ले, साठ. झाले चारशे साठ. उरलेल्या चाळीस रुपयांचा खाऊ.

यात तीन गोष्टी सांभाळल्या आहेत. काही वस्तू दोघांच्या हुबेहूब सारख्या आहेत, रंगपेटी आणि वही. एक वस्तू उघडपणे दोघांची आहे, लुडोचा पट. त्याच्यावर दोघांची नावं लिहायची. आणि पुस्तकं मुद्दाम वेगवेगळी आहेत, कारण वाचून झालं की अदलाबदल करता येते.

चुंबक का, असं त्यांनी विचारलं. एक चुंबक खिळे उचलतो, तेवढ्यात मजा आहे. पण भावाचा चुंबक बहिणीच्या चुंबकाजवळ आणला की कधी चिकटतो, कधी पळतो. दोघं एकत्र आली की खेळ वाढतो. पाठोपाठच्या भावंडांसाठी अशा वस्तू शोधाव्यात, ज्या एकट्यालाही पुऱ्या पडतात आणि दोघं मिळाल्यावर दुप्पट होतात. याउलट एकाला बॅट आणि दुसऱ्याला चेंडू देऊ नये. दोघंही अडून बसतात आणि खेळ होतच नाही.

वयाप्रमाणे आणखी काही सुचवते.

दोन ते चार वर्षांसाठी सुताराकडून लाकडाचे उरलेले तुकडे आणा. कडा पॉलिश पेपरने नीट घासा, कुसळ राहू देऊ नका. तीस-चाळीस तुकड्यांत मुलांची घरं, मशिदी, रेल्वे, सगळं होतं. तुकडे मोजून दोन पिशव्यांत भरा.

चार ते सहा वर्षांसाठी घरीच मळायची माती करा. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसं पाणी, वाटीच्या आतच पुरतं. घट्ट मळा. अर्ध्या गोळ्याला हळद, अर्ध्याला खाण्याचा रंग. एकाला पिवळा गोळा, दुसऱ्याला लाल. अर्ध्या तासात ती आपण होऊन देवाणघेवाण करतात. झाकणाच्या डब्यात ठेवली तर माती काही दिवस मऊ राहते.

सहा ते आठ वर्षांसाठी भोवरे, गजगे, भिंग आणि दोन डब्यांचा फोन. फोनसाठी दोन रिकामे डबे आणि ताणून धरायला दोरी लागते. तो एकट्याने लावताच येत नाही. अरविंद गुप्ता यांचं नाव शिक्षकांना ठाऊक आहे. पुण्याच्या आयुका संस्थेतल्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंपासून खेळणी केली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे यांपासून त्रिकोण, चौकोन, घरं करायची त्यांची युक्ती प्रसिद्ध आहे. काड्यांचा गुल मात्र आधी खरवडून टाका. त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत आणि इंटरनेटवर मोफत वाचता येतात.

आठच्या पुढे पुस्तकं आणि मासिकं. बालभारतीचं "किशोर" 1971 पासून निघतं. उर्दू वाचणाऱ्या मुलांसाठी मुंबईचं "गुल बूटे" आहे. नॅशनल बुक ट्रस्टची चित्रांची पुस्तकं मराठी आणि उर्दू दोन्हींत मिळतात आणि परवडतात. एका भावंडाच्या नावाने मराठी मासिक आणि दुसऱ्याच्या नावाने उर्दू मासिक सुरू केलं, तर घरात दोन्ही येतात आणि दर महिन्याला दोघांच्या नावाचं टपाल येतं.

मुलींसाठी भांडी, मुलांसाठी गाड्या?

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार लागतो. आमच्या जिल्ह्यातली सगळ्या धर्मांची मुलं हे घोडे बघायला हट्ट करतात. यात्रेतल्या खेळण्यांच्या दुकानात मी पुष्कळदा पाहते, मुलगी घोड्याकडे बोट दाखवते आणि आई तिच्या हातात खेळभांडी देते.

हदीस संग्रह अबू दाऊदमध्ये हजरत आयशा (रजि.) यांच्या खेळण्यांचा प्रसंग आहे. त्यांच्या बाहुल्यांमध्ये चिंध्यांचे पंख लावलेला एक घोडा होता. पैगंबरांनी (स.) विचारलं, घोड्याला पंख? त्यांनी उत्तर दिलं की हजरत सुलेमान (अ.) यांच्या घोड्यांना पंख होते, हे ऐकलं नाही का? त्यावर पैगंबर (स.) मनमोकळे हसले. मुलीच्या हातात घोडा कशाला, असं कुणी म्हटलं नाही. मग आपण का म्हणावं? मुलीला सायकल हवी असेल तर ती तिचीही आहे, आणि मुलाला खेळभांड्यांत चहा करायचा असेल तर करू द्यावा.

घेताना एवढं पाहा

स्वस्त म्हणजे वाटेल ते नव्हे. 1 जानेवारी 2021 पासून आपल्या देशात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झालं आहे, ते पाहून घ्या. छर्रे उडवणाऱ्या प्लॅस्टिकच्या बंदुका ईदच्या बाजारात खूप विकल्या जातात. पाठोपाठची भावंडं समोरासमोर उभी राहून त्या चालवतात आणि नेम डोळ्यावर बसू शकतो. त्या घेऊ नका. चपट्या गोल बॅटरीची खेळणी लहान मुलांपासून दूर ठेवा. गिळली गेली तर जिवावर बेतू शकतं. घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर गोट्या, गजगे आणि चुंबक हे सगळं उंचावर ठेवा. मोठ्याची ईदी धाकट्याच्या तोंडात जायला वेळ लागत नाही. चुंबक तर मोठ्यांसाठीही मूठभर आकाराचेच घ्या, गिळता येतील असे बारीक नकोत.

पाहुण्यांची नोट

खाला, फुफी, मामू येतात आणि मोठ्याच्या हातात शंभराची नोट ठेवून म्हणतात, "दोघं वाटून घ्या." तिथूनच भांडण सुरू होतं. नोट फाडता येत नाही आणि मोठ्याला सोडवत नाही. आमच्या घरी मी ईदच्या आधी पन्नासच्या नोटा मोडून ठेवते. पाहुण्यांसमोरच हसत हसत शंभराच्या दोन पन्नास करते. कुणाला राग येत नाही.

गल्ल्यातला पैसाही लक्षात असू द्या. मुलाला मिळालेली ईदी त्याच्या मालकीची आहे. अडचणीत उसनी घेतली तर वहीत लिहून ठेवावी आणि परत करावी. मूल विसरलं तरी आपण विसरू नये.

हातात पाचशेही नसतील तर?

माझ्या वर्गातल्या काही मुलांच्या आया हिवाळ्यात नंदुरबारच्या मिरची पथारीवर देठं खुडायला जातात. संध्याकाळी हातांची आग होते. त्यांना पाचशे रुपयांची यादी दाखवणं बरं नाही. त्यांच्यातल्या एका आईने मला शिकवलं. तिने ईदच्या दिवशी दोन्ही मुलांना सांगितलं की आज दुपारची नमाज झाल्यापासून अस्रपर्यंत मी तुमच्याबरोबर खेळणार, आधी एकाचा खेळ, मग दुसऱ्याचा. जुन्या ओढणीची दोन टोकं धरून झोका केला. मुलं शाळेत आल्यावर महिनाभर तेच सांगत होती. उधार आणून खेळणं घेऊ नका. मुलाला खेळणं दोन दिवस पुरतं, आईला हप्ता वर्षभर पुरतो.

ज्यांना शक्य आहे त्यांनी फित्रा ईदच्या नमाजआधी पोचवतानाच त्या घरातल्या मुलांसाठी एक पुडी ठेवावी. फित्र्याचा एक हेतूच असा आहे की त्या दिवशी गरिबाच्या घरीही ईद असावी. आणि त्या घरात दोन लेकरं असतील तर पुड्या दोन पाठवा, एक नको.

जानेवारीत

नाताळची सुट्टी संपल्यावर मी त्या शिक्षिकेला विचारलं, यादीचं काय झालं? त्या म्हणाल्या, "भांडली मॅडम. दोन्ही वह्या सारख्या, तरी माझीच चांगली म्हणून भांडली. पण संध्याकाळी दोघं चुंबक घेऊन घरभर काय काय चिकटतं ते शोधत होती, आणि मला पोळ्या निवांत करता आल्या." पाठोपाठच्या मुलांच्या आईला यापेक्षा जास्त काय हवं?

हा लेख लिहिण्याआधी मी माझ्या मुलीला विचारलं. ती आता बारावीत आहे. सायकलची गोष्ट लिहू का? ती म्हणाली, "लिही. सायकल निळी होती एवढंच आठवतं. पण अब्बा माझ्यासमोर खाली बसून 'आमचं चुकलं' म्हणाले होते, ते चांगलं आठवतं."

येत्या ईदला खरेदीची यादी कराल, तेव्हा रुपयांची बेरीज झाल्यावर ती एकदा मुलांच्या उंचीवर बसून पाहा. तिथून ती बरोबर दिसली, तर ती बरोबर आहे. अल्लाह आपल्या सगळ्यांच्या लेकरांना एकमेकांचा आधार बनवो. आमीन.